जांभळ्या रंगाचे कोडे

शाळेतील सूक्ष्मदर्शक यंत्रातून तुम्ही कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहिल्या असतील. जिवाणू त्या पेशींहून कितीतरी लहान असतात. पुष्कळशा जिवाणूंची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढीच भरते. शिवाय ते बहुधा बिनरंगी असतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना रंगवून पाहतात.

या रंगकामातूनच एक कोडे निर्माण झाले. १८८४ साली हान्स क्रिस्तियन ग्राम हे डॅनिश वैद्य बर्लिन येथे न्यूमोनियाने दगावलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांतील जिवाणू तपासत होते. त्यांनी जिवाणूंवर जांभळा रंग चढवला, त्यावर आयोडीनचे द्रावण घातले आणि मग सारे मद्यार्काने धुतले. काही जिवाणूंनी रंग घट्ट धरून ठेवला. विषमज्वराच्या जिवाणूंनी मात्र तो पार सोडून दिला. रंग तोच, मद्यार्क तोच. मग हा फरक कशामुळे? आपली पद्धत अपुरी आहे, असे ग्राम यांनी स्वतःच प्रांजळपणे नमूद केले होते. तरीही ती जगभर रूढ झाली आणि जिवाणूंचे दोन गट पडले: रंग धरणारे व रंग सोडणारे. कारण मात्र कोणालाच नक्की सांगता येईना.

उत्तर जिवाणूच्या आवरणात असावे, असा तर्क होता. पण ते आवरण दिसणार कसे? भिंगे कितीही उत्तम असली, तरी मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशात वेगळे दिसत नाहीत. हा दोष भिंगांचा नव्हे. ती प्रकाशलहरींचीच मर्यादा आहे. १९३१ साली, त्याच बर्लिन शहरात, माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आणि काचेच्या भिंगांऐवजी तारेच्या वेटोळ्यांची चुंबकीय शक्ती वापरून नवे सूक्ष्मदर्शक यंत्र रचले.

या यंत्रातून जिवाणू पाहणे सोपे नव्हे. हवेत इलेक्ट्रॉन विखुरतात, म्हणून यंत्रातील हवा काढून टाकावी लागते. त्या पोकळीत टिकावा यासाठी जिवाणूला रसायनांनी आहे त्या स्थितीत पक्का करतात, त्यातील पाणी काढून राळेसारख्या पदार्थात बसवतात आणि काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने त्याचे काप घेतात. एवढ्याशा जिवाणूचे दहा-पंधरा काप सहज निघतात! कापांवर शिसे, युरेनियम अशा जड धातूंच्या क्षारांची प्रक्रिया केली, की जेथे धातू चिकटतो तेथे इलेक्ट्रॉन अडतात व चित्रात काळी रेघ उमटते.

त्या रेघांनी दोन प्रकारची आवरणे दाखवली. रंग धरणाऱ्या जिवाणूंची भिंत जाड होती. रंग सोडणाऱ्यांची भिंत अगदी पातळ, पण तिच्या बाहेरून आणखी एक तलम पटल होते. रोग्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही; कारण हे बाहेरचे पटल अनेक औषधांना आत शिरू देत नाही.

तथापि एवढ्यावर कोडे सुटले असे म्हणणे घाईचे झाले असते. रसायनांत मुरलेल्या जिवाणूचे चित्र फसवूही शकते. १९५० नंतरच्या काळात अशा कापांमध्ये आतल्या पटलाच्या गुंडाळ्या दिसल्या. त्यांना मेसोसोम हे नाव मिळाले, त्यांच्या कार्याविषयी तर्क लढवले गेले, पाठ्यपुस्तकांत आकृत्याही आल्या. पुढे रसायनांऐवजी जिवाणूंना क्षणार्धात गोठवून पाहिले, तेव्हा त्या गुंडाळ्या दिसेनात! त्या रसायनांनीच घडवल्या होत्या.

म्हणून रंग नेमका कोठे अडतो, हे प्रत्यक्ष पाहणे जरूर होते. १९८३ साली टी. जे. बेव्हरिज व जे. ए. डेव्हीस यांनी एक युक्ती योजली. आयोडीनच्या जागी त्यांनी प्लॅटिनमचे संयुग वापरले. प्लॅटिनम जड असल्याने इलेक्ट्रॉनांना अडवते. त्यामुळे रंगाचा ठावठिकाणा चित्रातील काळेपणावरून कळू लागला. मग ग्राम यांची कृती त्यांनी पायरीपायरीने तपासली. रंग सोडणाऱ्या जिवाणूचे बाहेरचे पटल मद्यार्काने उद्ध्वस्त झाले आणि उरलेल्या पातळ भिंतीला आतला रंग आवरेना. जाड भिंतीच्या जिवाणूत मात्र मद्यार्काने धुतल्यावरही रंग आत अडकून राहिला होता. ग्राम यांनी जिवाणूंवर प्रथम जांभळा रंग चढवला, त्याला तेव्हा ९९ वर्षे झाली होती.