कॉटनवर सब्लिमेशन का टिकत नाही?

प्रश्न : मी पालघरच्या कोळगावात टी-शर्ट छपाई सुरू केली आहे. कॉटनवरचा रंग पहिल्याच धुण्यात फिका होतो आणि पॉलिएस्टरवर कागदाच्या कडेची चौकट उमटते. सेटिंग काय ठेवू?

उत्तर : कॉटनच्या बाबतीत सेटिंगचा दोष नाही. सब्लिमेशनची शाई तापली की वायू होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. कॉटनमध्ये ती शिरतच नाही, मग तापमान कितीही वाढवा. गिऱ्हाईक कॉटनच मागत असेल तर डीटीएफ (फिल्मवरून कापडावर छपाई) करा : साधारण १५०-१६० अंश सेल्सिअस, १५ सेकंद, फिल्म गार झाल्यावर काढा आणि बटर पेपर ठेवून पुन्हा १० सेकंद दाबा. काही फिल्म गरमच काढायच्या असतात, म्हणून पाकिटावरची सूचना वाचा.

पांढऱ्या पॉलिएस्टरवरच्या सब्लिमेशनला १९०-२०० अंश, ४५ सेकंद पुरतात. चौकट उमटते ती बहुधा जास्त दाबामुळे. दाब कमी करा, कागदाच्या कडा कात्रीने सरळ कापण्याऐवजी हाताने फाडा, टी-शर्टच्या आत फोमची गादी ठेवा. कागद टेपने पक्का करा आणि उचलताना सरकू देऊ नका, नाहीतर अक्षराला सावली येते.

पालघरच्या पावसाळी हवेत कापड आणि कागद दोन्ही दमट होतात. डाग आणि पुसट ठिपके त्यातूनच येतात. छपाईआधी कोरा टी-शर्ट ५-१० सेकंद दाबून वाफ घालवा, कागद बंद पिशवीत ठेवा.

मशीनच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. प्लेटचे चार कोपरे आणि मधला भाग थर्मामीटरने तपासा. एखाद्या मंडळाची मोठी ऑर्डर घेण्यापूर्वी त्याच कापडाचा एक नमुना छापून धुऊन बघाच.