बांधलेली होडी का बुडते?

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, आणि कयाधूसारखी घरची नदी उन्हाळ्यात वाळूतच दिसते. त्यामुळे कोकणातल्या खारव्याच्या मुलाला जे नौकाज्ञान घरातल्या बोलण्यातूनच मिळते, ते आपल्याकडे कोणाच्याही वाट्याला आलेले नाही. तरीही पूर्णेवरचे सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरचे इसापूर या दोन धरणांच्या विस्तीर्ण जलाशयांवर मासेमारी चालते, आणि 2022 च्या जुलैत वसमत तालुक्यातील कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले तेव्हा, या कोरड्या समजल्या जाणाऱ्या मुलखातही होडी हा शासकीय सरंजामाचा आवश्यक भाग आहे, हे सर्वांना पटले. फायबरच्या होड्या आल्या, त्यांच्या पाठीला लावायची इंजिने आली, तळातले पाणी उपसणारे विजेचे छोटे पंपही आले. परंतु त्या पंपाची नळी कोठून न्यावी आणि त्याची तार कोठे जोडावी, हे सांगणारा जाणता मनुष्य मात्र कोणत्याच खरेदीच्या यादीत नसतो.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात सिद्धेश्वरच्या काठी एका संस्थेची (तिचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही) सुमारे पाच मीटर लांबीची मोटारहोडी रात्रीतून, बांधल्या जागीच बुडाली. सकाळी नाळेचे टोक तेवढे पाण्याबाहेर दिसत होते. रीतसर पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या, आणि ‘अतिवृष्टीमुळे नौका जलमग्न’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल होण्याच्या बेतात असताना, यंत्रांच्या सहवासात उमेदीची वर्षे घालविलेला एक निवृत्त मनुष्य म्हणून मला ती पाहण्यास बोलावण्यात आले. होडी बाहेर ओढून तिचा तळ तपासला, तर त्याला कोठे चीर नव्हती, भोक नव्हते, आणि निचऱ्याचे बूचही आपल्या जागी घट्ट होते.

पावसावर ठेवलेला आरोप प्रथम तपासून पाहू. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की त्याला दप्तरी भाषेत अतिवृष्टी म्हणतात, आणि एक चौरस मीटर जागेवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. होडीची उघडी जागा आठ चौरस मीटर धरली तर रात्रीतून तिच्यात 520 लिटर, म्हणजे अर्ध्या टनाहून थोडे अधिक, पाणी साचते. हा भार आठ माणसांच्या वजनाएवढा आहे, आणि आठ माणसे नेणारी होडी तेवढ्याने बुडत नाही. परंतु माणसे बाकावर वाटून बसतात, पाणी तसे बसत नाही; ते उताराकडे, म्हणजे जेथे इंजिनाचे वजन आधीच टांगलेले असते त्या पिछाडीकडे, धावते, आणि होडी किंचित कलली की सगळेच्या सगळे खालच्या बाजूला लोटून तिला आणखी कलवते. त्या रात्री पिछाडी अशीच खाली बसली, आणि खरा घात तेथून सुरू झाला.

पंपाची नळी ज्या तोटीतून पाणी बाहेर टाकत होती, ती तोटी कारागिराने पिछाडीच्या फळीत, रिकाम्या होडीच्या जलरेषेपासून जेमतेम चार बोटे वर बसविली होती. कोरड्या दिवशी, रिकाम्या होडीकडे पाहून घेतलेला तो निर्णय होता. पिछाडी खाली बसताच तोटी पाण्याखाली गेली, आणि जो मार्ग पाणी बाहेर काढण्यासाठी केला होता त्यातूनच जलाशयाचे पाणी आत येऊ लागले. डिझेलच्या पिंपात नळी घालून तोंडाने एकदा ओढ दिली की पुढे डिझेल आपोआप वाहत राहते, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. नळी पाण्याने भरलेली असून तिचे बाहेरचे टोक बुडालेले असेल, तर पंप थांबताच तोच प्रकार उलट दिशेने घडतो. म्हणून बाहेरची तोटी पूर्ण भरलेल्या होडीच्या जलरेषेहून निदान एक फूट उंच असावी, आणि तशी सोय नसेल तर नळी आतून काठापर्यंत चढवून, तिला उलटी कमान देऊन, कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवावी. पुष्कळ दुकानदार त्याऐवजी नळीत एकदिशा झडप घालून देतात. तिच्यावर विसंबू नये, कारण गवताची एक काडी अडकली की ती उघडीच राहते, आणि बंद राहिली तर वरच्या पाण्याचा दाब छोट्या पंपाला सुरूच होऊ देत नाही.

मग पंप होता कोठे? तो जागेवर होता, चांगला होता, आणि त्याचा तरंगता खटकाही धड होता; परंतु त्याची तार मुख्य बटणाच्या पलीकडे जोडलेली असल्यामुळे, चालकाने संध्याकाळी शिरस्त्याप्रमाणे मुख्य बटण बंद केले तेव्हा पंपाचाही वीजपुरवठा तुटला. चालकाच्या शिस्तीनेच होडीचा पहारा उठविला, असे म्हणावे लागते! आपोआप चालणाऱ्या पंपाची तार बॅटरीवरून थेट, मुख्य बटण वगळून घ्यावी, आणि बॅटरीजवळच पंपावर लिहिलेल्या मापाचा फ्यूज घालावा. फ्यूज मोठा घातला आणि जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळून पंख अडकले, तर पंप जळतो, फ्यूज शाबूत राहतो. तारांचे सांधे तळातल्या ओलीत न ठेवता वर उचलून बंदिस्त करावेत.

पंपाच्या पेटीवरचा आकडा हा आणखी एक भुलावा. 500 गॅलनचा पंप म्हणजे कागदोपत्री ताशी सुमारे 1,900 लिटर; पण हे माप पाणी वर चढवावे न लागता आणि बॅटरी पूर्ण जोमात असताना घेतलेले असते. नळी मीटरभर चढली, वळणे घेतली, आतून खरबरीत असली, की प्रत्यक्ष उपसा पुष्कळ घटतो. नळीला मध्येच झोळ असेल तर तेथे पाणी साचून मागे हवा कोंडते, आणि पंप नुसता घुमत राहतो. शिवाय असा पंप दोन-अडीच अँपिअर ओढत अखंड चालला, तर 60 अँपिअर-तासांची बॅटरी एका दिवसात रिती होते. आमच्या भागातली विशेष व्याधी म्हणजे पायांबरोबर होडीत येणारी काळी माती. ती तळात वाळली की तरंगता खटका जागीच चिकटवून टाकते. तिच्या जोडीला गुटख्याच्या पुड्या असतातच.

फळ्यांवरच्या निचऱ्याच्या भोकांविषयी एवढेच सांगतो, की ती फळी जलरेषेच्या वर असेपर्यंतच ती भोके आपली आहेत. अधिक माणसे चढली की तीच पाणी आत घेऊ लागतात. तळाचे बूच तर होडी पाण्यात सोडण्यापूर्वी हाताने चाचपल्याखेरीज कोणाच्या ‘लावले आहे’ या शब्दावर विश्वासू नये: 25 मिलिमीटरांचे भोक पाण्याखाली एक फूट असेल, तर त्यातून मिनिटाला चाळीस लिटरांवर पाणी येते, आणि तो आमचा 500 गॅलनचा पंप कागदावरसुद्धा मिनिटाला बत्तीसच्या आत उपसतो. म्हणून हातपंप आणि दोरी बांधलेली बादली होडीत असलीच पाहिजे.

ज्यांच्या ताब्यात अशी होडी आहे त्या मत्स्यव्यवसाय संस्थांना आणि तहसील कचेऱ्यांना माझी विनंती आहे, की मृगापूर्वी एकदा, खटका नुसता बोटाने उचलून पाहण्यावर समाधान न मानता, मुख्य बटण बंद ठेवून तळात खरोखरीचे पाणी ओतावे, तोटीखाली पंधरा लिटरांची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहावे, आणि तो आकडा तारखेसह नोंदवहीत लिहावा. नवी होडी घेताना हीच परीक्षा विक्रेत्याकडून आपल्यासमोर करवून घ्यावी, आणि ती पुरी होईपर्यंत पोच-पावतीवर सही करू नये.