जिंतूर ते गंगाखेड : एकट्या सायकलस्वाराचा अवघड दिवस

जिंतूर-परभणी-गंगाखेड हे अंतर सुमारे ८५ किलोमीटर. नकाशावर ते किरकोळ वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, सामानाने जड झालेली सायकल एकट्याने हाकताना मात्र दुपारी ते अंगावर येते. म्हणून मोठे निर्णय आदल्या रात्रीच घ्यावेत. दमलेल्या डोक्यावर ते सोडू नयेत.

१. आदल्या रात्री बोरी, परभणी, दैठणा आणि गंगाखेड येथे पोहोचण्याच्या अंदाजे वेळा घरच्या एका व्यक्तीला कळवाव्यात. किती उशीर झाला तर त्यांनी फोन करायचा, हेही ठरवावे. गंगाखेडचा मुक्काम पक्का करावा. आधार कार्ड वरच्या कप्प्यात असू द्यावे.

२. उजाडताच निघावे. सोबत किमान तीन लिटर पाणी हवे. तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. एका बाटलीत जलसंजीवनी ठेवावी : एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

३. भुकेआधी खावे. स्नायूंतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपला की पाय एकाएकी चालेनासे होतात. केळी, गूळ-शेंगदाणे खिशातच असावेत. तर्रीदार मिसळ मुक्कामी पोहोचल्यावर.

४. या भागात खरा त्रास काट्यांचा. बाभळीचा काटा जाड टायरही भेदतो, आणि सावलीच्या मोहाने सायकल रस्त्याकडेच्या गवतात नेली की सराटे चिकटतात. थांबताना सायकल उचलून न्यावी. पंक्चर झाल्यास आधी टायर आतून चाचपून काटा काढावा, मगच नवी ट्यूब घालावी. नाहीतर तीही दहा मिनिटांत बसते. चाचपताना बोट हळू फिरवावे. दोन ट्यूब, पॅच आणि पंप जवळ हवेतच. व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा, म्हणजे प्रेस्टा असेल, तर छोटा अ‍ॅडॅप्टर घ्यावा. गावच्या दुकानातला हवेचा पाइप त्याला बसत नाही.

५. परभणीत अकराच्या आत पोहोचावे आणि चारपर्यंत सावलीत थांबावे. पुढे जायचे की नाही, हे इथेच ठरवावे. लघवी गडद असेल, डोके ठणकत असेल किंवा मळमळत असेल, तर मुक्काम परभणीतच करावा. रेल्वेने गंगाखेड गाठता येते, पण सायकल लगेज म्हणून नोंदवावी लागते आणि लहान स्थानकांवर ती चढवायला वेळ पुरत नाही. तेव्हा रेल्वेचा विचार असल्यास तो याच ठिकाणी करावा. बोलण्यात गोंधळ होणे, तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी सावलीत बसून अंग ओले करावे, जवळच्या माणसाला हाक मारावी आणि १०८ला फोन करावा.

६. चारला निघाल्यावर ऊस वाहणारे ट्रॅक्टर भेटतात. मागची ट्रॉली वळणावर झोल खाते, म्हणून डावीकडून पुढे घुसू नये. मागून ट्रॅक्टर आला की साइडपट्टीवर उतरावे. ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी लांबूनच ऐकू येतात, हा त्या गोंगाटाचा उपयोगच म्हणायचा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

७. पोखर्णी, दैठणा मागे टाकून गोदावरी ओलांडली की गंगाखेड. याच वाटेने शेगावची पालखी पुढे परळीला जाते, त्यामुळे 'अजून तीसेक किलोमीटरच' असा मोह होतो. पण त्या बाजूला चढ लागतो आणि तोवर अंधार पडतो. परळी दुसऱ्या दिवशी सकाळी गाठावी.