रेषेचा भोंवरा

भूमितीच्या तासास मागील पानावर चित्र काढीत बसलेल्या एका मुलाची वही आम्हीं एकदां काढून घेतली. त्या पानावर पांढऱ्या रेषांचा भोंवरा व त्यांत पडणाऱ्या दोन मनुष्याकृति होत्या. एका जुन्या अमेरिकन चित्रपटाच्या भित्तिपत्रकावरून तें चित्र उतरविलेलें होतें. तें नीट न्याहाळल्यावर आम्हांस आपली चूक उमगली; कारण तेंहि भूमितीचेंच पान होतें.

तो चित्रपट म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५८ सालचा ‘व्हर्टिगो’. या शब्दाचा अर्थ भोंवळ. आणि आपल्या भाषेंतहि भोंवळ व भोंवरा हे एकाच कुळांतले शब्द होत. उंचावरून खालीं पाहतांच भोंवळ येणाऱ्या एका माजी गुप्त पोलिसाची ही कथा. आरंभीं तिचें स्वागत बेताचेंच झालें. परंतु पुढें तिचे चाहते वाढत गेले, व २०१२ सालीं ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षक-मतगणनेंत तिला पहिलें स्थान मिळालें.

भित्तिपत्रक व आरंभींची नामावलि सॉल बास यांनीं योजिली. नामावलींतील फिरत्या आकृति जॉन व्हिटनी यांच्या. या आकृतींचें मूळ एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञ जूल लिसाजू यांच्या प्रयोगांत आहे. त्यांनीं दोन नादकांट्यांवर आरसे बसवून, एकावरून दुसऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशकिरणाकडून वक्ररेषा काढविल्या.

तत्त्व सोपें आहे. एकच बिंदु एकाच वेळीं आडवा व उभा असा आंदोलित होतो, अशी कल्पना करा. दोन्ही आंदोलनें समान असून मध्यापासून एकदम निघालीं, तर तिरकी सरळ रेषा उमटते. एक दुसऱ्याच्या पाव फेरी पुढें असेल, तर वर्तुळ होतें. उभ्याच्या एका फेरींत आडव्याच्या दोन होत असतील, तर इंग्रजी आठाचा आंकडा निघतो. आंदोलनें क्रमानें लहान होत गेलीं, म्हणजे रेषा वळत वळत केंद्राकडे जाते. हाच आपला भोंवरा.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रेषा कोठेंहि नियम मोडीत नाहीं, तरी पाहणाराची दृष्टि मात्र ठरत नाहीं. भित्तिपत्रकावर नारिंगी पार्श्वभूमीवर पुरुष भरीव काळा आहे, स्त्री केवळ रेषेची. ज्या स्त्रीचा त्यास ध्यास लागला, ती बव्हंशीं दुसऱ्यानें रचलेला आभास होती. तें मर्म एका पोकळ आकृतीनें सांगितलें आहे, असें आम्हांस वाटतें.

तुम्हीहि चौकटीच्या कागदावर बिंदु मांडून या आकृति काढून पाहा. तशी वही पुन्हां आढळल्यास आम्ही ती अवश्य काढून घेऊं. मात्र या वेळीं साऱ्या वर्गास दाखविण्याकरितां.