मोनोशी झुंजताना

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात मी परिचारिका म्हणून नोकरी केली. पोळ्याच्या आगेमागे कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या की अपघात विभागात विषबाधेचे रुग्ण यायचेच. कीटकनाशकं बरीच, पण आम्हा सिस्टर लोकांना धाक होता तो 'मोनो'चा, म्हणजे मोनोक्रोटोफॉसचा. त्याच्याशी झुंजताना जे कळलं ते शेती करणाऱ्या घरांसाठी लिहिते आहे.

१. विष अंगात जायला ते प्यावंच लागतं असं नाही.
मोनो पाण्यात पूर्ण विरघळतं आणि घामेजल्या कातडीतून सहज रक्तात उतरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्यापर्यंत गेली होती. चायना पंपाचा बारीक फवारा वर मारायचा, तो तोंडावर, छातीवर परत यायचा. मोनो, प्रोफेनोफॉस अशी औषधं कित्येकदा एकाच टाकीत मिसळलेली. पाठीवरचा पंप गळका असेल तर कंबरेपासून पोटरीपर्यंत पँट ओली, आणि तीच घालून माणूस दिवसभर रानात. संध्याकाळी घरी येऊन "गरगरतंय, मळमळतंय" म्हणाला की घरच्यांना वाटतं, ऊन लागलं.

२. शंका आली की डोळ्यांत बघा.
उन्हाने चक्कर आलेल्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होत नाही. मोनोच्या बाधेत बहुतेकदा ती तशी होते. सोबत लाळ, दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, दंडाच्या आणि मांडीच्या स्नायूंची फडफड. कारण एकच. नसांच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन निरोप पोचवतं, आणि काम झालं की कोलीनइस्टरेज हे विकर त्याला मोडून टाकतं. मोनो त्या विकरालाच जखडून ठेवतं. मग निरोप थांबत नाही, ग्रंथी पाझरत राहतात, फुप्फुसं आतल्या आत पाण्याने भरतात. माणूस बहुधा दगावतो तो श्वास कोंडून.

३. आधी कपडे उतरवा.
रुग्ण आला की सलाइन लावण्याची धांदल सगळ्यांना दिसते. पण अंगावरचे कपडे तसेच राहिले तर विष आत जातच राहतं. शर्ट, पँट, करदोड्यात अडकलेला रुमाल, सगळं काढायचं. साबणपाण्याने केस, कानामागे, बगल, नखांच्या खाली धुवायचं, आणि धुणाऱ्याने हातमोजे घालायचे. हे घरीसुद्धा करता येतं, मात्र त्यात गाडी थांबवून ठेवू नका. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. ती श्वासनलिकेत गेली तर दुसरं संकट ओढवतं. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत आणा. नुसतं "कपाशीचं औषध" म्हटल्यावर डॉक्टरांना अंदाजावर चालावं लागतं.

फवारणीचे कपडे बहुतेक घरात बाईच धुते, तेही उघड्या हातांनी, सगळ्यांच्या कपड्यांत मिसळून. ते वेगळे धुवा.

४. ॲट्रोपिन देताना कान छातीवर ठेवावा लागतो.
उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायचं आणि प्रत्येक वेळी स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. बाहुली मोठी झाली म्हणून हात आखडायचा नाही. फुप्फुसातली घरघर थांबली पाहिजे, नाडी आणि रक्तदाब सावरला पाहिजे. मात्रा जास्त झाली की अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, माणूस चादर ओढतो, असंबद्ध बोलतो. नातेवाईक घाबरून म्हणतात, याला वेड लागलं. ते उतरतं. त्यांना हे आधीच समजावून सांगितलं की वॉर्डातली निम्मी रडारड टळते.

५. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान उचलायला सांगा.
हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. रुग्ण शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरचे सुट्टीचं विचारू लागतात. आणि एक ते चार दिवसांच्या आत काहींचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. ॲट्रोपिनचा त्यावर इलाज चालत नाही, व्हेंटिलेटर लागतो. म्हणून प्रत्येक पाळीला मी खाटेशी उभी राहून म्हणायची, "दादा, उशीवरून मान उचला बरं." मान उचलली नाही की डॉक्टरांना हाक. बोलणं नीट, डोळे उघडे, आणि मान मात्र उशीला चिकटलेली. अशा रुग्णाला घरी नेण्याचा हट्ट धरू नका.

६. रागाच्या भरात विष घेतलेल्यांना जगायचं असतं.
भांडण झालं, कर्जाचा तगादा आला, आणि बाटली हाताशी होती. शुद्ध आल्यावर "सिस्टर, वाचेन ना?" असं विचारणारे मी खूप पाहिले. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोसारखी सर्वांत जहाल कीटकनाशकं बंद केली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. बाटली हाताशी नसणं हेच कित्येकांना वाचवतं. घरात ठेवावीच लागली तर कुलपात ठेवा.

७. रिकामा डबा रिकामा नसतो.
१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. म्हणून कीटकनाशकाचा रिकामा डबा भोकं पाडून निकामी करा. त्यात तेल, पाणी, धान्य काहीही भरू नका.

८. मजुराला दोष देऊन काही साधत नाही.
"काळजी घेतली नाही" हे वाक्य मी फार ऐकलं आणि दर वेळी संताप आला. दमट उन्हात रबरी बूट, जाड कोट आणि मास्क घालून दिवसभर पंप वाहून दाखवावा कुणी! ज्याच्या बाटलीवर लाल त्रिकोण आणि कवटी आहे ते रोजंदारीवरच्या माणसाच्या हाती देणंच चूक आहे. अमेरिकेत मोनोची नोंदणी १९८८ मध्येच रद्द झाली. आपल्याकडे २००५ पासून भाजीपाल्यावर मनाई होती, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने भारताला याचे धोके दाखवले, आणि ३६ टक्के एसएल हे सर्रास विकलं जाणारं रूप बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघाला २०२३ मध्ये. फार उशीर झाला. आता तरी जुन्या साठ्यातली बाटली कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.