पूर ओसरल्यावर वाचनालयाने करायची कामे

2 डिसेंबर 2015 रोजी चेन्नईत ‘द हिंदू’ छापला गेला नाही. मरैमलै नगरच्या छापखान्यापर्यंत कामगार पोहोचूच शकले नाहीत. 1878 साली सुरू झालेल्या या वृत्तपत्राच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. त्यामुळे त्या महिन्याची बांधीव फाइल उघडली, तर शहराच्या सर्वांत अवघड दिवसाचा अंकच त्यात सापडत नाही. त्या दिवसाची हकीकत माणसांकडे आहे. गच्चीवर रात्र काढलेल्यांकडे ती आहे आणि होड्या घेऊन वस्त्यांत शिरलेल्या कोळी बांधवांकडेही आहे.

आदल्या दिवशी तांबरमला जवळपास 49 सेंटिमीटर पाऊस झाला होता. चेंबरंबाक्कम तलावातून सेकंदाला 29,000 घनफूट पाणी अड्यार नदीत सोडले गेले आणि कोट्टूरपुरम, सैदापेट, जाफरखानपेट हे भाग पाण्याखाली गेले. ही आपत्ती मानवनिर्मित होती, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने पुढे 2018 मध्ये म्हटले. कोणाच्या दारात किती वाजता पाणी आले, आधी इशारा मिळाला होता का, ही माहिती म्हणूनच दुःखाइतकीच हिशेबाचीही आहे. ती जपायला गावात वाचनालयापेक्षा योग्य जागा नाही.

मराठी वाचकाला हे लांबचे वाटू नये. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचे आहे. ते जुलै 2005 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पुरात सापडले. खालची कृती चेन्नईचा पूर समोर ठेवून लिहिली आहे, पण तालुक्याच्या लहान वाचनालयालाही ती झेपेल. एकच पथ्य आहे: आधी माणसाची नड, मग त्याचे कागद आणि सर्वांत शेवटी त्याची हकीकत. हा क्रम मोडायचा नाही.

साहित्य

- एक मोठे टेबल, खुर्च्या, पिण्याचे पाणी
- टिपकागद, न छापलेला कोरा वृत्तपत्री कागद, जुने सुती कापड, मच्छरदाणीची जाळी
- रबरी हातमोजे, मास्क, दोन पसरट टब
- एक-दोन टेबलफॅन
- आवाज नीट टिपणारा फोन आणि दोन हार्डडिस्क
- दाखल नोंदवही, पेन्सिली, मोजपट्टी
- स्थानिक भाषेत छापलेली संमतिपत्रे. चेन्नईत तमिळ हवीच. वस्तीनुसार तेलुगू, उर्दू, हिंदीही लागेल.
- ग्रंथपाल आणि चार-पाच स्वयंसेवक. त्यांतले निम्मे त्याच वस्तीतले असावेत.

पायरी 1: दार उघडा

इमारत सुरक्षित असेल तर वाचनालय लगेच उघडा, मग कपाटे आवरलेली असोत वा नसोत. फोन चार्ज करण्याची सोय, मुलांसाठी चटई आणि गोष्टींची पुस्तके, अर्ज भरून देणारा एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात ऑगस्ट 2014 मध्ये एका तरुणाच्या मृत्यूनंतर गाव पेटले आणि शाळा बंद राहिल्या. तिथले छोटे सार्वजनिक ग्रंथालय मात्र उघडे राहिले आणि शिक्षकांनी तिथेच वर्ग भरवले. चेन्नईत पुरानंतर रेशनकार्डे, गुणपत्रिका, घराचे दस्तऐवज वाहून गेलेल्यांसाठी सरकारने डिसेंबरमध्येच खास शिबिरे भरवली. अशा वेळी कोणत्या कागदासाठी कुठे जायचे आणि सोबत काय न्यायचे, हे ठळक अक्षरांत दारावर लावणे हेही ग्रंथपालाचेच काम आहे.

लोकांचा वाचनालयावर हक्कही आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी ज्याचा पाठपुरावा केला तो मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1948 साली आला. तेव्हापासून तिथला नागरिक मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर भरत आला आहे. संकटात तो दार ठोठावतो तेव्हा तो स्वतःच्याच घरी आलेला असतो.

पायरी 2: ओले कागद वाचवा

या पायरीला घाई हवी. दमट हवेत साधारण 48 तासांत बुरशी धरते. ‘ओले कागद फेकू नका, इथे आणा’ अशी पाटी लावा.

समजा, सैदापेटच्या एक पाट्टी, म्हणजे आजी, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, मुलाच्या शाळेची वही आणि लेकीच्या लग्नाचा अल्बम घेऊन आल्या. स्वयंसेवक त्यांना म्हणेल, “पाट्टी, आधी बसा, पाणी घ्या.” मग त्यांच्यासमोरच पिशवी उघडा. प्रत्येक वस्तूचा, आहे त्या अवस्थेत, फोनवर फोटो काढा. पुढे कागद वाचला नाही तरी प्रत राहते. पेन्सिलने चिठ्ठी लिहून वस्तूसोबत ठेवा आणि तसलीच एक चिठ्ठी पाट्टींच्या हाती द्या.

- सुटे कागद: पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे हातमोजे घालूनच हात लावा. गठ्ठा ओढून सोडवू नका. जाळीवर पसरा, खाली-वर टिपकागद ठेवा, कागद ओला झाला की बदला. पंखा भिंतीकडे वळवून लावा म्हणजे हवा खेळेल आणि कागद उडणार नाहीत. कडक उन्हात वाळवू नका. कागद आखडतो आणि शाई उडते.
- पुस्तके व वह्या: चिखल लागला असेल तर वही मिटलेलीच घट्ट धरून स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा. शाई उतरताना दिसली तर धुणे थांबवा. काही पानांआड टिपकागद घाला, पण इतका नको की पुस्तकाची बांधणी फुगून फाटेल.
- गुळगुळीत कागद: आर्ट पेपरची पाने ओली असतानाच मिटून वाळली की कायमची चिकटतात. हाताशी वेळ नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे 18 अंशांवर नुकसान थांबते आणि पुढे सवडीने वाळवता येते. आइस्क्रीम किंवा मासळी विकणाऱ्यांकडे असा फ्रीझर असतो, त्यांना विचारा.
- फोटो: एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे होऊ देऊ नका. टबात स्वच्छ थंड पाणी घ्या, अल्बमचे पान त्यात बुडू द्या आणि फोटो आपोआप सैल होईपर्यंत थांबा. मग कडेने धरून चित्राची बाजू वर ठेवून जाळीवर पसरा. चित्राला बोट लावू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट त्याचा फोटो काढा.

पाट्टी टेबलाशी बसून राहतील. एखादा फोटो सुटला की हा कोण, हे लग्न कुठे झाले, ते आपणहून सांगतील. ऐका, पण रेकॉर्डिंग करू नका. त्याची वेळ अजून आलेली नाही.

पायरी 3: घाईने बोलते करू नका

“मन मोकळे करा” म्हणत धक्क्यातल्या माणसाला लगेच सगळे सांगायला लावणे हिताचे नसते. आघातानंतर लगोलग एकाच बैठकीत अनुभव वदवून घेण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. काही आठवडे, शक्यतो काही महिने जाऊ द्या. तोवर फक्त एक वही टेबलावर ठेवा: ज्याला लिहायचे त्याने लिहावे, ज्याला नको त्याने वर्तमानपत्र वाचून जावे.

झोप उडालेली, पावसाच्या आवाजाने थरथरणारी, जगण्यावरचे मन उडालेली व्यक्ती दिसली, तर तिला सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक द्या आणि पहिला फोन तिच्यासोबत बसून लावा. स्वयंसेवकाने समुपदेशक व्हायचे नाही.

पायरी 4: संमती घ्या

संमतिपत्र एका पानाचे असावे. वाचता न येणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवा. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: नाव उघड ठेवायचे की झाकायचे; हकीकत कोणी ऐकावी (कुटुंबाने, वाचनालयात येणाऱ्यांनी की सर्वांनी); काही वर्षे बंद ठेवायची का; आणि मत बदलले तर ती कधीही परत घेता येईल. लहान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागतेच, पण मुलानेही ‘हो’ म्हटले पाहिजे. सही होते तेव्हा वाचनालय राखणदार होते. हकीकत सांगणाऱ्याचीच राहते.

पायरी 5: हकीकत टिपा

मुलाखत सांगणाऱ्याच्या सोयीच्या जागी, त्याच्याच बोलीत घ्या. ऐकणारा एकच असावा. पंखा बंद ठेवा, फोन मध्ये टेबलावर ठेवा आणि सुरुवातीला तारीख व जागा बोलून घ्या.

“कसं वाटलं?” हा प्रश्न टाळा. घडलेले विचारा, मनातले आपोआप येते.

- त्या दिवशी सकाळी तुम्ही काय करत होता?
- पाणी पहिल्यांदा कुठून दिसलं?
- घरातून काय उचललं, काय राहिलं?
- कोणी आधी सांगितलं होतं का? कोण मदतीला आलं?
- आता जोराचा पाऊस लागला की तुम्ही काय करता?

शेवटचा प्रश्न माणसाला पुरातून आजच्या दिवसात परत आणतो. तो गाळू नका. सांगणारा थांबला तर थांबू द्या. रडू आले तर रेकॉर्डिंग बंद करून विचारा, पुढे जायचे का. मुलाखत संपल्यावर लगेच उठू नका, चहा घ्या. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करा.

मदत करणाऱ्यांनाही विसरू नका. होडीवाले, सफाई कामगार, परिचारिका, वीजमंडळाचे लोक यांना कोणी विचारायला जात नाही आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते.

पायरी 6: चिल्लर कागद गोळा करा

जपानमध्ये जानेवारी 1995 च्या भूकंपानंतर कोबे विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्याच वर्षी भूकंपाचा स्वतंत्र संग्रह खुला केला. त्यात पुस्तकांबरोबर हस्तपत्रके आणि पोस्टरेही जमवली. हे कागद पहिल्या आठवड्यात कचऱ्यात जातात आणि पन्नास वर्षांनी सोन्याच्या मोलाचे ठरतात. तुम्हीही हकीकतींची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यापासून जमवा: सोसायटीच्या सूचनाफलकावरची चिठ्ठी, अन्नाच्या पाकिटांची हाताने केलेली यादी, मदतवाटपाचे टोकन, बेपत्ता माणसाचे पत्रक.

भिंतीवरच्या पाण्याच्या खुणाही टिपा. रस्त्यापासून खुणेपर्यंत मोजपट्टीने उंची मोजा, पट्टीसकट फोटो काढा, घर क्रमांक आणि तारीख लिहा. रंग लागायच्या आत हे काम उरका.

पायरी 7: नोंद करा, प्रती ठेवा

प्रत्येक वस्तूला आणि हकीकतीला दाखल क्रमांक द्या. नमुना असा:

*पूर-2015/14. तोंडी हकीकत, तमिळ, 38 मिनिटे. सैदापेट, नदीकाठ. विषय: इशारा, शेजाऱ्यांची मदत, हरवलेली कागदपत्रे. संमती: नाव झाकून, वाचनालयात ऐकता येईल.*

रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा. त्यांतली एक नदीपासून दूर, दुसऱ्या संस्थेत ठेवा. चेन्नईत तरमणीच्या रोजा मुत्तैया संशोधन ग्रंथालयासारख्या संस्थांना जुना कागद जपण्याचा दीर्घ अनुभव आहे. आपल्याकडे जिल्हा ग्रंथालय किंवा विद्यापीठ चालेल. मूळ कागद मालकाला परत करा. वाचनालयाने प्रतीवर समाधान मानावे.

पायरी 8: वस्तीला परत द्या

वर्षपूर्तीला संग्रह खुला करा. भाषणे, सत्कार, पाहुणे नकोत. भिंतीवर वस्तीचा नकाशा लावा, पाण्याची उंची दाखवा, कोणाला स्वतःची हकीकत वाचायची असेल तर वाचू द्या. गेलेल्यांची नावे त्यांच्या घरच्यांना विचारूनच लावा. भोपाळमध्ये 2014 साली उभे राहिलेले ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालय वायुपीडितांनी दिलेल्या वस्तू आणि त्यांच्याच आवाजातील हकीकती यांवर उभे आहे. आपले दुःख दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः मांडता येणे, यातच माणसाला धीर मिळतो.

पायरी 9: पुढच्या पुरासाठी वापरा

डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळाने चेन्नई पुन्हा पाण्यात गेली. मधली आठ वर्षे शहराला शिकायला मिळाली होती. म्हणून उंचीचा नकाशा आणि इशाऱ्याबद्दलच्या हकीकतींचा गोषवारा महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयाला आणि शाळांना द्या, पोच घ्या, दर पावसाळ्याआधी आठवण करा. स्वतःच्या वाचनालयातही खालचा कप्पा रिकामा ठेवा आणि दाखल नोंदवहीची एक प्रत वरच्या मजल्यावर हलवा.

हे टाळा

- मृतांचे आणि रडणाऱ्यांचे फोटो लावणे
- देणगीदाराचे नाव पीडितांच्या नावांपेक्षा मोठे करणे
- एकाच जातीच्या, धर्माच्या किंवा सोसायटीच्या हकीकती जमवून त्यांना गावाची आठवण म्हणणे
- सरकारची अडचण होते म्हणून तक्रारीचा भाग कापणे

तुमच्या गावातल्या वाचनालयात जा आणि गेल्या पुराची, दरडीची, आगीची फाइल मागा. नसेल तर ग्रंथपालांना सोबत घेऊन ती या आठवड्यात उघडा आणि पहिली हकीकत टिपायला गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जा.