लेकरांना पाण्यावर नेताना



एका बुद्ध पौर्णिमेला वस्तीतल्या बायका-लेकरांना घेऊन आम्ही कामठीला गेलो होतो. ड्रॅगन पॅलेसला वंदना झाली, डबे खाऊन झाले आणि परतताना पोरांनी हट्ट धरला म्हणून कन्हान नदीवर थांबलो. पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढंही नव्हतं. आम्ही सहा जणी काठावर बसून बोलत होतो. एकीची नजर सहज वळली, तर अडीच वर्षांची पोर पाण्यात पालथी पडलेली. ओरडली नाही, हातपाय मारल्याचा आवाज नाही. झटकन उचललं, ती खोकली, रडली, वाचली. सहा जणी हजर होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी पाहते आहे.

बुडणारं लहान लेकरू आरडाओरडा करत नाही, ते गुपचूप बुडतं. नाकातोंडात पाणी गेल्यावर ओरडायला श्वासच उरत नाही. तेव्हापासून आम्ही पाण्यावर गेलो की एक पहारेकरी बाई ठरवतो. तिच्या खांद्यावर निळा दुपट्टा. तिने मोबाइल बघायचा नाही, डबे वाढायचे नाहीत, गप्पाही नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी दुपट्टा दुसरीकडे, तोंडाने सांगून: "आता तू." याशिवाय पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराजवळ त्याच्या घरचं एक मोठं माणूस, हात लांबवला की धरता येईल इतक्या अंतरावर. मोठ्या बहिणीवर ही जबाबदारी टाकू नका. आठ-नऊ वर्षांची पोर स्वतःच लेकरू असते.

त्या दिवसानंतर काही जणी म्हणाल्या, ताई, नकोच ते पाणी. आम्हाला हे पटत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीला शिवायची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा हजारो माणसं त्यांच्या मागे तळ्यात उतरली. गावातली पोरं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायची, त्यांत आपली पोरं नसायची. आजही महिला मंडळाच्या बैठकीत विचारलं, पोहता कोणाला येतं, तर एखादाच हात वर होतो. पाण्याची भीती आपल्या घरात अशी आली आहे. ती लेकरांच्या अंगी लावू नका. पाय भिजू द्या, चिखलात खेळू द्या. सहा-सात वर्षांचं झालं की जमेल तिथे शिकवणाऱ्याच्या हाताखाली पोहायलाही घाला.

जागा मात्र पारखून घ्या. रेती उपसलेल्या नदीत वरून सपाट दिसतं आणि दोन पावलांवर डोह असतो. म्हणून आधी मोठ्या माणसाने काठीने तळ चाचपत फिरावं, मगच लेकरू उतरवावं. दगडाच्या खदानीत मुळीच नाही. तिथे काठ उभा असतो आणि पाय टेकायला जागा नसते. धरणाच्या खालच्या पात्रातही नको, वरून पाणी कधी सोडतील सांगता येत नाही. नाल्याचं पाणी मिसळतं तिथे जाऊ नका. अंगावर उघडी जखम असेल तर त्या लेकराला त्या दिवशी काठावरच खेळवा.

विदर्भातल्या मे महिन्यात सकाळी नऊच्या आत परत फिरावं, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर निघावं, तेही उजेडातच आटोपायचं. प्यायचं पाणी घरून न्या. कैरीचं पन्हं, ताक चालेल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त अंगावरचं दूध, कितीही ऊन असलं तरी.

सोबत पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबा दोरीला बांधून न्या. कोणी खोल पाण्यात गेलं तर पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये, डबा फेकावा किंवा साडी टाकावी. बाहेर काढलेलं लेकरू श्वास घेत नसेल तर उलटं टांगून फिरवू नका, पोटही दाबू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, तोंडावर तोंड ठेवून छाती फुगेल असे पाच श्वास द्या. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा भराभर दाबा, मग दोन श्वास, पुन्हा ३०. बाळ असेल तर दोन अंगठ्यांनी दाबा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. त्या पोरीला आम्ही त्याच संध्याकाळी नेलं होतं.

नदी दूर असेल तर गल्लीत सावलीला घमेलं ठेवा. चार बोटं पाणी, दोन वाट्या, एक गाळणी, एवढ्यावर लेकरू तासभर रमतं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात हीसुद्धा चैन वाटेल; खेळून झालेलं पाणी संडासाला वापरा. खेळ संपला की घमेलं लगेच पालथं करा, कारण रांगतं बाळ वीतभर पाण्यातही बुडतं. निळ्या ड्रमवर झाकण आणि झाकणावर दगड हवाच. आणि ओल्या अंगाचं, अनवाणी लेकरू लोखंडी कूलरजवळ जाऊ देऊ नका. कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून पिनही काढा.